आठ कोठे गेला?



वसंतातल्या व्याख्यानाला गणिताचा विषय घ्यावा की न घ्यावा, याविषयी आमच्या मनात बराच संकोच होता. दिवसभर उन्हात तापून, लोकलच्या गर्दीत अंग चेंबवून माणूस घरी येतो. संध्याकाळी खाडीवरचा वारा घेत चार शब्द कानी पडावेत म्हणून येथे येऊन बसतो. आणि त्याच्यापुढे आम्ही आकडे मांडावयाचे, हे काही सज्जनपणाचे लक्षण नव्हे. परंतु चालकांनी विषय विचारला तेव्हा आमच्या तोंडून एकदम एक संख्या निघून गेली, आणि सुटलेला शब्द परत घेता येत नाही. ती संख्या अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१.

एकापासून नऊपर्यंत जिना चढावा आणि त्याच पावलांनी पुन्हा खाली उतरावे, तशी ही संख्या आहे. हिच्यात सतरा आकडे आहेत. आपल्या नेहमीच्या बोलीत वाचावयाची तर 'एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लक्ष सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव' इतके कोटी आणि वर शहात्तर लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस असे म्हणावे लागेल. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांत आमच्या संख्येचा पहिला आकडा 'मध्य' या सतराव्या स्थानावर बसतो. म्हणजे परार्धाच्या एकच पायरी खाली.

नुसत्या नावाने मोठेपण कळत नाही, म्हणून दुसऱ्या मापाने मोजू. एखादा माणूस न झोपता, न जेवता, दर सेकंदाला एक याप्रमाणे मोजत बसला, तर या संख्येपर्यंत पोहोचावयास त्याला सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील. हा समोर पारसिकचा डोंगर दिसतो. तो ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तो लाव्हारस दख्खनवर पसरला त्याला भूशास्त्रज्ञ सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली असे मानतात. आमचा मोजणारा माणूस त्याच्याही सहापट वेळ मोजत बसेल! मात्र एवढी अफाट संख्या आपण आताच एका ओळीत लिहिली, आणि येथे बसलेले एखादे पोरही ती पाठ म्हणू शकेल. मोठी असूनही ओळखीची वाटावी, असे काहीतरी तिच्या घडणीतच आहे. ते काय, हे आज पाहावयाचे आहे.

परंतु त्याआधी एक कबुली देणे भाग आहे. आम्ही आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवण्यात घालविली. त्यांतली एक दुपार अजून मनाला टोचते. परीक्षा तोंडावर आल्या होत्या, अभ्यासक्रम मागे पडला होता, आणि फळ्यावर आम्ही चक्रवाढ व्याजाचे उदाहरण सोडवीत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा वही घेऊन पुढे आला. वहीत त्याने अकरा गुणिले अकरा, एकशे अकरा गुणिले एकशे अकरा, असे करीत करीत पानभर गुणाकार केले होते. उत्तरे क्रमाने अशी :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे नऊ एककांपर्यंत सारे कसे रांगेत आले होते. शेवटी त्याने दहा एकक घेतले होते आणि उत्तर काढले होते :

१२३४५६७९००९८७६५४३२१.

त्याने विचारले, "सर, उतरताना आठ आहे, पण चढताना सातानंतर एकदम नऊ येतो. चढतानाचा आठ कोठे गेला?"

आम्ही वहीकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. "अरे, हे परीक्षेला येणार आहे का? जा, जाग्यावर बैस," एवढेच बोललो. तो गेला. पुन्हा कधी वही घेऊन आला नाही. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे फार उशिरा दिलेले उत्तर आहे, असे श्रोत्यांनी समजावे.

आता मूळ विषयाकडे वळू. ही संख्या आमची नव्हे, त्या मुलाचीही नव्हे. हिच्या जातीच्या संख्यांना एक नाव आहे, आणि ते नाव कळवेकरांनी तरी विसरू नये. त्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. हे नाव ग्रीक नाही, लॅटिन नाही. कोणा परदेशी पंडिताचेही नाही. ते एका रेल्वे स्थानकाचे नाव आहे. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर हे डेम्लो होते, आणि ते म्हणजेच आजचे डोंबिवली असे सांगतात. येथून गाडीत बसावे आणि मुंब्रा, दिवा, कोपर ओलांडावे, की आपण त्या गणिती तीर्थक्षेत्री पोहोचलो! रोज हजारो माणसे तेथे धावत गाडी पकडतात. १९२३ साली एका अठरा वर्षांच्या तरुणाला त्याच स्थानकावर गाडी बदलताना या संख्यांचा विचार सुचला, आणि त्याने स्थानकाचेच नाव त्यांना देऊन टाकले.

त्या तरुणाचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू येथे. तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील साधे कारकून, पण त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवू; त्यासाठी आकडेमोड मात्र भरपूर करावी लागते, आणि त्या आकडेमोडीची गोडी मुलाला लागली. माध्यमिक शिक्षण झाले ते आपल्या ठाण्यात, खाडीच्या पलीकडे. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. तेथे १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९३० पासून १९६२ पर्यंत, म्हणजे निवृत्त होईपर्यंत, नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत ते मास्तर होते.

'गणितातील मोठा शोध' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विद्यापीठे, वाचनालये, मोठमोठे ग्रंथ येतात. कापरेकरांपाशी यांतले काही नव्हते. कागद, पेन्सिल, आणि शाळा सुटल्यावरचा वेळ, एवढेच त्यांचे भांडवल. त्यांचा '६१७४' हा आकडा आता जगभर प्रसिद्ध आहे. चार आकड्यांची कोणतीही संख्या घ्या. सारे आकडे एकच नसावेत, एवढीच अट. आकडे उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करीत राहा. कापरेकरांचे जन्मसालच घेऊ, १९०५. ९५१० मधून ०१५९ वजा केले की ९३५१. मग क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या खेपेस ६१७४. येथे गाडी थांबते ती थांबतेच. ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४. सातांहून अधिक खेपा कोणत्याही संख्येला लागत नाहीत. हे त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितले. पण आज आपल्याला ६१७४ च्या गावाला जावयाचे नाही. डेम्लोला उतरावयाचे आहे.

डेम्लो संख्या म्हणजे काय? २५५३ ही संख्या पाहा. तिचा पहिला आकडा २, शेवटचा ३. त्यांची बेरीज ५. आणि मध्ये काय आहे? पाच, पाच. ४७७७३ घ्या. चार आणि तीन मिळून सात, आणि मध्ये सात, सात, सात. डोके आणि शेपूट एकत्र केले की पोटातला आकडा मिळतो. अशा संख्या येतात कोठून? २३ ला १११ ने गुणा, २५५३ येतात. ४३ ला ११११ ने गुणा, ४७७७३ येतात.

आता आमची सतरा आकडी संख्या याच नजरेने पाहा. मधला नऊ बाजूला ठेवा. डोके राहिले १२३४५६७८, शेपूट राहिले ८७६५४३२१. दोघांची बेरीज करा : ९९९९९९९९. आठही नऊ! मधल्या नवाचीच ती रांग. १२३२१ घेतले तर बारा आणि एकवीस मिळून तेहतीस, आणि मध्ये तीन. १२३४३२१ मध्ये एकशे तेवीस आणि तीनशे एकवीस मिळून चारशे चव्वेचाळीस, आणि मध्ये चार. या कुळातील संख्यांना कापरेकरांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटले आणि १९३८ साली त्यांवर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी प्रा. गुंजीकर यांच्यासह त्यांनी डेम्लो संख्यांची उपपत्ती मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मांडली.

अद्भुत खरे, परंतु अद्भुताला हात जोडून थांबले तर ते गणित नव्हे. हे असे का होते?

पाटीवर गुणाकार मांडा. नऊ एककांच्या संख्येला नऊ एककांनी गुणावयाचे म्हणजे तीच रांग नऊ वेळा लिहावयाची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. गवंडी वीट रचताना प्रत्येक थर थोडा पुढे सरकवीत गेला तर भिंत जशी तिरपी होईल, तशी ही नऊ थरांची तिरपी भिंत तयार होते. आता उजवीकडून एकेका उभ्या घरात किती एकक आले ते मोजा. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे नवव्या घरात नऊ. त्यापुढे भिंत कमी होऊ लागते : आठ, सात, सहा आणि शेवटी एक. बस्स, हाच आपला जिना! येथे गुणाकार कोणी केलाच नाही. नुसत्या विटा मोजल्या.

आणि डोके-शेपटाचे रहस्य? त्या तिरप्या भिंतीच्या डावीकडे एक त्रिकोण बाहेर आला आहे, उजवीकडे दुसरा. डावीकडचा त्रिकोण उचलून उजवीकडे सरकवा. दोन्ही एकमेकांत चपखल बसतात आणि भिंत सरळ चौरस होते. नऊ थर, नऊ घरे, प्रत्येक घरात नऊ विटा. म्हणून बेरीज सगळीकडे नऊ. जे गणित कागदावर जादू वाटले, ते गवंड्याला डोळ्यांनी दिसले असते.

याच भिंतीतून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. आमच्या संख्येतल्या सतरा आकड्यांची बेरीज करा. ती ८१ येते. यावीच लागते, कारण नऊ थरांत नऊ-नऊ विटा, एकूण एक्याऐंशी, आणि एकही वीट वाया गेली नाही. एवढेच नव्हे, तर या संख्येला ८१ ने नेमका भागही जातो. भागाकार म्हणजे १२३४५६७९ या संख्येचा वर्ग. उलट आमच्या संख्येला ८१ ने गुणले तर येतात ९९९९९९९९८००००००००१. ही संख्या म्हणजे नऊ नवांच्या संख्येचा वर्ग. तिचे मधोमध दोन भाग करा : ९९९९९९९९८ आणि ०००००००१ च्या आधी आणखी एक शून्य, म्हणजे केवळ एक. दोन्ही मिळवा, मूळची नऊ नवांची संख्या परत हाती येते. वर्गाचे दोन तुकडे जोडून पुन्हा मूळ संख्या देणाऱ्या अशा संख्यांना जग 'कापरेकर संख्या' म्हणते. पंचेचाळीस ही तशीच : तिचा वर्ग २०२५, आणि वीस नि पंचवीस पंचेचाळीस.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. दहा एकक घेतले की काय घडते? भिंत दहा थरांची झाली. उजवीकडून घरे मोजा : एक, दोन, तीन, करीत नवव्या घरात नऊ. येथवर सारे ठीक. दहाव्या घरात दहा विटा आल्या. पण आपल्या लिहिण्याच्या पद्धतीत एका घरात दहा मावत नाहीत. दहाचे शून्य लिहावयाचे आणि हातचा एक पुढे द्यावयाचा. पुढच्या घरात आधीच नऊ होते. हातचा मिळून तेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या पुढच्या घरात आठ बसला होता. त्याला तो हातचा मिळाला, आणि आठाचा नऊ झाला! त्याच्या पलीकडे सात होता. त्याच्यापर्यंत हातचा पोहोचलाच नाही. म्हणून सातानंतर नऊ.

तेव्हा, बाळा, तुझा आठ कोठेही गेला नाही. तो त्याच जागी आहे. शेजाऱ्याकडून ओसंडून आलेले ओझे त्याने पत्करले, म्हणून तू त्याला ओळखले नाहीस, इतकेच.

आणि विटांचा हिशेबही पाहा. दहा थरांत दहा-दहा, म्हणजे शंभर विटा हव्यात. पण १२३४५६७९००९८७६५४३२१ च्या आकड्यांची बेरीज ८२ भरते. अठरा कोठे गेल्या? प्रत्येक हातच्याला दहा विटा मोडून एक वीट पुढे पाठविली जाते. म्हणजे नऊ कमी होतात. हातचे दोन झाले; दोन नव्वे अठरा. हिशेब चुकता! आपले वाडवडील गुणाकार पडताळण्यासाठी जो 'नवाचा ताळा' पाहात, त्याचे मर्म हेच. हातच्याने आकड्यांची बेरीज बदलते, पण बदलते ती नेहमी नवांच्या पटीत; म्हणून नवाने भागून राहिलेली बाकी ढळत नाही. लहानपणी पाठ केलेली ही युक्ती का चालते, हे आम्हालाही शिकवताना कोणी विचारले नाही आणि आम्ही सांगितलेही नाही.

मघाशी १२३४५६७९ असा भाग आला, तेव्हा काही चाणाक्ष श्रोत्यांच्या लक्षात आले असेल की, तेथेही आठ नाही. १ ला ८१ ने भागून पाहा. दशांश अपूर्णांकात ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असा अखंड फेरा सुरू होतो, आणि प्रत्येक फेऱ्यात आठ गैरहजर. कारण तेच. एकनवमांश म्हणजे ०.१११ असे अनंत एकक. त्याचा वर्ग एकभागिले एक्याऐंशी. म्हणजे ही न संपणारी तिरपी भिंत झाली. तीत दहाव्या घरापासून हातचे सुरू होतात आणि आठाचा पुन्हा नऊ होतो. मुलाने वहीच्या एका पानावर जे पाहिले, ते अनंतापर्यंत चालले आहे.

हा जिना कापरेकरांच्याही फार पूर्वी आपल्या देशात कोणी पाहिला होता. इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. 'गणितसारसंग्रह' हा त्यांचा ग्रंथ. त्यात एका उदाहरणाचे उत्तर १२३४५६५४३२१ असे येते, आणि आचार्य ते आकडे मोजून सांगत बसत नाहीत. एकापासून सुरू होऊन सहापर्यंत वाढत जाणारी आणि मग क्रमाने उतरणारी संख्या, अशा अर्थाचे वर्णन करतात. मान्यखेटच्या त्या राजाची सत्ता आपल्या महाराष्ट्रावरही होती. म्हणजे हे आपल्याच घरचे जुने धन आहे.

आणि ही सहापर्यंतची संख्या घराघरांत दुसऱ्या रूपाने आहे. सापशिडीचे दोन फासे टाका. दोन्ही मिळून दोन पडण्याचा प्रकार एकच, तीन पडण्याचे दोन, चारचे तीन, असे करीत सात पडण्याचे सहा, मग आठचे पाच, नवाचे चार, आणि बारा पडण्याचा पुन्हा एक. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. हीच महावीराचार्यांची संख्या! तिच्या आकड्यांची बेरीज छत्तीस, आणि दोन फाशांचे एकूण प्रकारही छत्तीस. आमच्या सतरा आकडी संख्येसाठी फाशाऐवजी दोन डबे घ्या, प्रत्येकात एक ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका, आणि एकेक चिठ्ठी उचला. दोनपासून अठरापर्यंतच्या बेरजा किती प्रकारांनी येतील, ते आमची संख्या आकडा-आकडा सांगत जाते. सातावर पैज लावणाऱ्याला दोनावर पैज लावणाऱ्यापेक्षा सहापट संधी का, याचे उत्तर या भिंतीत आहे. गुणाकार, भिंत आणि जुगार ही तीन निराळी गावे वाटली तरी रेल्वेची लाइन एकच आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. तो लहान माणसाचा नाही. केंब्रिजचे प्रा. हार्डी, ज्यांनी आपल्या रामानुजनांना ओळखले आणि जगापुढे आणले, त्यांनी १९४० साली गणितज्ञाच्या जीवनावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचा दाखला दिला आहे. पहिली २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट. चार आकड्यांत अशा उलट्या संख्यांच्या पटी या दोनच. हार्डींचे म्हणणे असे की, वर्तमानपत्रातल्या कोड्यांना हे ठीक आहे. गणितज्ञाला त्यात घेण्यासारखे काही नाही. आकडे दहांच्या पद्धतीने लिहिले म्हणून घडलेला तो योगायोग. कापरेकरांनाही आयुष्यभर असेच ऐकावे लागले. अनेक पंडितांनी त्यांचे काम पोरखेळ ठरविले.

हा आक्षेप आम्ही झटकून टाकीत नाही. आकड्यांच्या पुष्कळशा गमती खरोखरच योगायोगाच्या असतात, आणि प्रत्येक गमतीला शोध म्हणू लागलो तर शोधाची किंमत राहणार नाही. पण कसोटी काय लावावयाची? आमच्या मते ही : दहांची पद्धत काढून घेतली तर मागे काही उरते का? समजा, माणसाला आठच बोटे असती आणि तो आठांच्या पद्धतीने मोजत असता. त्यानेही सात एककांचा वर्ग केला असता आणि त्याला १२३४५६७६५४३२१ मिळाले असते. आठवा एकक घेताच त्याचाही जिना मोडला असता. फरक इतकाच, की त्याच्या वर्गातल्या मुलाने विचारले असते, "सर, सहा कोठे गेला?" बारा बोटांच्या लोकांत दहा हरवला असता. म्हणजे हरवणारा आकडा नेहमी सर्वांत मोठ्या आकड्याच्या आधीचा. बोटे बदलली तरी नियम बदलत नाही. याला योगायोग म्हणता येणार नाही. हे गणितच आहे.

आणि याच साध्या एककांच्या रांगेत असे प्रश्न लपले आहेत, की जे सोडविताना मोठमोठे थकले. नऊ एककांची संख्या घ्या. तिचे अवयव तीन, तीन, सदतीस आणि ३३३६६७. त्यामुळे आमच्या सतरा आकडी संख्येत तीन चार वेळा, सदतीस दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो, आणि तिला एकूण पंचेचाळीस विभाजक आहेत. नऊ एकक म्हणजे तीन-तीनचे तीन गट, म्हणून १११ ने त्यांना भाग जाणारच. पण ज्यांना भागच जात नाही, अशा मूळ संख्या एककांच्या रांगेत कोणत्या? दोन एककांची, म्हणजे अकरा. त्यानंतर थेट एकोणीस एककांची, मग तेवीस, मग तीनशे सतरा, मग एक हजार एकतीस. ही शेवटची मूळ संख्या असल्याचे १९८६ साली सिद्ध झाले, आणि कापरेकर त्याच साली निवर्तले. अशा संख्या कोठे संपतात की कधीच संपत नाहीत, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. पाटीवर एकाच आकड्याची रांग ओढणारे मूल नकळत या न सुटलेल्या प्रश्नाच्या दाराशी उभे असते.

कापरेकरांची उत्तरायुष्यातली परिस्थिती हलाखीचीच होती. निवृत्तिवेतन अपुरे, शिकवण्या करून दिवस काढावे लागत. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्या संख्यांवर लिहिले, आणि मग आपल्याकडच्यांना आपल्या मास्तरांची ओळख पटली. घरच्या माणसाला बाहेरच्याने नमस्कार केला म्हणजे मगच आपण उठून उभे राहतो, ही आपली जुनी खोड.

आम्हाला वारंवार वाटते, की देवळालीच्या त्या मास्तरांच्या वर्गात आमचा तो मुलगा गेला असता तर? त्यांनी वही हातात घेतली असती, चष्मा सारखा केला असता, आणि तास संपेपर्यंत दोघेही व्याज विसरले असते. मुलगा पुढे गणिती झाला असता, असे आमचे म्हणणे नाही. कदाचित तो आज जे करीत असेल तेच केले असते. पण आपण विचारलेला प्रश्न खरा होता, एवढे तरी त्याला कळले असते. आम्ही त्याला जाग्यावर बसविले, आणि त्या दिवशी आठ नव्हे, एक मूल हरवले.

तेव्हा शेवटी एवढीच विनंती. आज घरी गेल्यावर पोराच्या हाती पाटी द्या आणि त्याला एककांचे गुणाकार करू द्या. त्याने मध्येच थांबून "असे का?" म्हणून विचारले, तर परीक्षेचे नाव काढू नका. उत्तर येत नसेल तर त्याच्याशेजारी बसा आणि विटा मोजा. आणि पुढच्या वेळी डोंबिवलीच्या फलाटावर गाडीला उशीर झाला, तर चडफडण्याऐवजी थोडा वेळ तिकिटावरच्या आकड्यांशी खेळून पाहा. शंभर वर्षांपूर्वी एकाची गाडी तेथे बदलायची होती, म्हणूनच तर आज आपल्याला हा जिना चढता आला.